खापरपणजीचा माग : कोल्हापूरच्या दप्तरांत एकोणिसाव्या शतकातली बाई कशी शोधायची

घराण्याची वंशावळ मांडायला बसलं की पुरुषांची नावं सात-आठ पिढ्या मागे सरसर जातात आणि बायकांची नावं पणजीपाशी अडतात. बापाचा बाप, त्याचा बाप हे सगळं कागदावर असतं. खापरपणजीच्या जागी मात्र एक रेघ असते, फार तर "बायको" एवढा शब्द. ती रेघ भरून काढता येते. त्यासाठी बाईचं नाव कागदावर कधी आणि का चढायचं, हे आधी समजून घ्यावं लागतं. नवरा मेला, मुलं लहान राहिली, दत्तक घ्यायची वेळ आली, माहेरची जमीन वाट्याला आली किंवा तिचं स्वतःचं श्राद्ध सुरू झालं, अशा वेळी तिचं नाव लिहिलं गेलं. मधली वर्षं ती दप्तराला दिसत नाही. म्हणून नाव धरून शोधू नका, तिच्या आयुष्यातले हे प्रसंग धरून शोधा.

शिरगणतीत काय मिळतं आणि काय नाही

बहुतेकांची सुरुवात इथेच चुकते. इंग्लंड-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेच्या घरोघरच्या याद्या जपलेल्या आहेत. त्यात बाईचं नाव, वय, जन्मगाव असं सगळं सापडतं. ते वाचून आपल्याकडचे लोक १८८१ च्या शिरगणतीत पणजीचं नाव शोधायला निघतात. आपल्याकडे १८७२, १८८१, १८९१ आणि १९०१ या चारही वेळा कोल्हापूर संस्थानात मोजणी झाली. १८८१ ची मोजणी १७ फेब्रुवारीच्या रात्रीची, १८९१ ची २६ फेब्रुवारीची, १९०१ ची १ मार्चची. पण मोजणीदारांनी भरलेल्या याद्या तक्ते तयार झाल्यावर नष्ट केल्या गेल्या. उरले ते छापील अहवाल आणि त्यातले आकडे. शिवाय घरच्यांनी बाईचं नाव सांगायला का-कू केलं तर नुसतं "स्त्री" लिहायची मुभा मोजणीदाराला होती, म्हणजे याद्या उरल्या असत्या तरी पुष्कळ घरांत नाव मिळालंच नसतं. स्वातंत्र्यानंतरच्या याद्यांचाही उपयोग नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या कुणाला पाहायला मिळत नाहीत.

मग अहवाल वाचायचे कशाला? पार्श्वभूमी कळावी म्हणून. संस्थानची लोकसंख्या १८८१ ला ८,००,१८९ होती, १८९१ ला ९,१३,१३१ आणि १९०१ ला ९,१०,०११. दहा वर्षांत लाखाहून जास्त वाढलेली माणसं पुढच्या दहा वर्षांत वाढलीच नाहीत, थोडी घटली. त्यामागे शतकाच्या शेवटच्या वर्षांतला प्लेग आणि १८९९-१९०० चा दुष्काळ आहे. तुमच्या घरात एखादा पुरुष किंवा दोन-तीन मुलं एकदम यादीतून गायब होत असतील तर ही वर्षं आधी तपासा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचंही तेच. अहवालातले वयोगटवार तक्तेही बघून ठेवा. लग्न झालेल्या मुली, विधवा, लिहिता-वाचता येणाऱ्या बायका किती, हे त्यात असतं. तुमची खापरपणजी चौदाव्या वर्षी विधवा झाली असं कुणी सांगितलं तर ते त्या काळी कितपत नेहमीचं होतं, हे त्या तक्त्यावरून कळेल. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर जुने अहवाल आहेत. १८८६ साली छापलेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा चोविसावा खंड कोल्हापूरचा आहे. तोही हाताशी ठेवा. जातवार लग्नाच्या, पाटाच्या (विधवेच्या दुसऱ्या लग्नाच्या), मर्तिकाच्या रीती त्यात तपशिलानं दिल्या आहेत. कोल्हापुरात बसून वाचायचं तर १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहेच.

आधी घर झाडून बघा

कचेरीत जाण्याआधी घरातलं संपवा. कचेरीत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "गाव कोणतं, साल कोणतं?" ही दोन्ही उत्तरं घरातच मिळतात.

सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी बोला, आणि पुरुषांच्या गैरहजेरीत बोला. "खापरपणजीचं नाव काय?" असं सरळ विचारलं तर "कुणास ठाऊक" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा : म्हातारीला लोक काय म्हणून हाक मारायचे? लेकी-सुना कोणत्या गावाला माहेरपणाला जायच्या? लग्नात मामा म्हणून कोण उभा राहायचा? बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत आपल्याकडे जुनी, म्हणून "कागलकरीण" किंवा "निपाणीकरीण" असा एखादा शब्द म्हातारीच्या तोंडून निघून जातो. तो लगेच टिपून घ्या, कारण त्यात माहेरचं गाव आलं. जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर म्हणायला लावा. माहेरच्या वाटेवरचं गाव, नदी, देव त्यात येतात. ओवी पिढीगणिक बदलते, तेव्हा तिला पुरावा समजू नका, दिशा म्हणून वापरा.

सालाचं काय? म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. "प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या घातल्या तेव्हा आई अंगावर पीत होती" या एका वाक्यातून जन्माचं साल दोन-तीन वर्षांच्या फरकानं पक्कं होतं. खुणा म्हणून हे प्रसंग विचारा : १८७७ च्या आसपासचा मोठा दुष्काळ, १८८४ चं शाहू महाराजांचं दत्तकविधान, १८९४ चं त्यांचं राज्यारोहण, प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा, १९२२ चं महाराजांचं निधन.

त्यानंतर माळ्यावर चढा. तांब्या-पितळेच्या जुन्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात : कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी गाव तर कधी तिथीसुद्धा. हंडा, घागर, परात, तांब्या अशा प्रत्येकाचा काठ आणि बूड बघा. झिजलेली अक्षरं वाचण्यासाठी भांडं चिंचेनं घासू नका, उरलेसुरले ठसे त्यात जातात. काठावर तांदळाचं पीठ बोटानं हलकेच चोळा, वरचं पुसून टाका, खोलगट रेघांत पांढरं राहील. मग खोली अंधारी करून विजेरी भांड्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतील. तीन-चार बाजूंनी फोटो घ्या. एका बाजूनं "सखु" वाटलेलं दुसऱ्या बाजूनं "सगु" निघतं. "आहेर" या शब्दामागे नाव असेल तर ते बहुधा माहेरचं किंवा मामाचं, म्हणून ते फार मोलाचं.

देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या मूर्ती, मोजा. कुलदेवतेच्या टाकांबरोबर एखादा बाईचा टाक असेल तर तो कुणाचा ते विचारा. पहिली बायको वारली आणि दुसरी केली तर पहिलीचा टाक करून पुजायची किंवा दुसरीनं तो गळ्यात घालायची पद्धत होती. इथे वंशावळीतली सगळ्यात मोठी चूक सापडते. दोन बायका एकीच्या नावावर जमा होतात. थोरल्या मुलाची आई वेगळी आणि धाकट्याची वेगळी, हे मग कुणाच्या लक्षातच राहत नाही. दोन भावांच्या वयात दहा-बारा वर्षांचं अंतर दिसलं की "दोघांची आजोळं एकच का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता श्राद्धाची यादी. ज्या घरांत पक्ष घालतात तिथे घरी किंवा भटजींकडे नावांची चिठ्ठी असते. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावी लागतात. आईकडच्या पितरांची वेगळी. म्हणजे तुमच्या आजोबांच्या हातची चिठ्ठी मिळाली तर त्यात त्यांची पणजी असायला हवी. तुमच्यापासून ती पाच पिढ्या वर आहे, एवढ्या मागचं दुसरं काही घरात सहसा नसतं. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, जिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात ती नवऱ्याआधी गेली, हेही आपोआप कळतं. तिथीबरोबर वार आठवत असेल तर साल काढता येतं. एकच तिथी एकाच वारी साधारण सात वर्षांत एकदा येते. वीस वर्षांचा टप्पा माहीत असेल तर जुन्या पंचांगांवरून दोन-तीन सालं उरतात आणि त्यातलं एक दुसऱ्या कागदाशी जुळतं.

एक लक्षात ठेवा : श्राद्धातलं नाव सासरचं. लग्नात नाव बदललं असेल तर माहेरच्या कागदात ती दुसऱ्याच नावानं असणार. म्हणून प्रत्येक बाईसाठी वहीत दोन रकाने करा, माहेरचं नाव आणि सासरचं नाव. माहीत नसेल तो रकाना मोकळा ठेवा, पण एकाचं नाव दुसऱ्यात घालू नका.

गाव तेव्हा कुणाचं होतं?

आजचा कोल्हापूर जिल्हा म्हणजे तेव्हाचं कोल्हापूर संस्थान, असं धरून चालाल तर चुकीच्या कचेरीत महिना जाईल. संस्थानात करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज आणि भुदरगड असे सहा पेटे, म्हणजे तालुके, होते. आळते पेट्यातली गावं आज हातकणंगले तालुक्यात बघायची. विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी या जहागिरींचा कारभार बराचसा वेगळा, त्यामुळे दप्तरही वेगळं. आजरा इचलकरंजीकरांकडे होतं. कुरुंदवाड हे पटवर्धनांचं स्वतंत्र संस्थान. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, तिथल्या कागदांसाठी बेळगावची वाट धरावी लागते. उलट आज कर्नाटकात असलेलं रायबाग तेव्हा कोल्हापूरकरांचं होतं. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीचे दरबारी कागद मुंबईत शोधण्यापेक्षा कोल्हापुरात शोधा.

सासर-माहेर दोन राज्यांत पडलेलं असणं या भागात अगदी नेहमीचं. दोन्ही गावांची १८८० च्या आसपासची मालकी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

फेरफार कसा वाचायचा

खरं काम इथे आहे. जुने फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या गाव नमुना ६ मधल्या नोंदी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या आहेत. पण त्यात नोंदलेली म्हातारी माणसं एकोणिसाव्या शतकात जन्मलेली. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव आणि गट किंवा जुना सर्व्हे नंबर देऊन, कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज करा. आजच्या सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा रकान्यात फेरफारांचे नंबर दिसतात. त्यातल्या सगळ्यात जुन्या नंबरापासून मागे चला. सर्व्हे नंबरचा गट कसा झाला ते गटवारीच्या तक्त्यावरून कळतं, तो मागायला विसरू नका. काही गावांचे जुने कागद महसूल खात्याच्या "आपले अभिलेख" संकेतस्थळावर चढवले आहेत. आपलं गाव तिथे आहे का, हे आधी घरबसल्या बघा.

अशी एक नोंद समोर आहे असं समजा (नावं कल्पित) :

"खातेदार बाळा बिन राणू मयत. वारस मुलगे लक्ष्मण व ज्ञानू अज्ञान. अ.पा.क. आई सखू कोम बाळा."

"बिन" म्हणजे मुलगा आणि "कोम" म्हणजे बायको. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. एका ओळीत किती सापडलं बघा. बाईचं नाव सखू, नवरा बाळा, सासरा राणू. वर्दीच्या (कचेरीला खबर दिल्याच्या) तारखेआधी ती विधवा झाली आणि त्या दिवशी ती हयात होती. दोन्ही मुलगे अठराच्या आतले, म्हणजे त्यांचा जन्म नोंदीच्या आधीच्या अठरा वर्षांत. आता पुढे या. मुलगे सज्ञान झाले की अ.पा.क. कमी करण्याचा दुसरा फेरफार येतो. त्याची तारीख मिळाली की थोरल्याचं जन्मसाल आणखी आवळता येतं. मुलाच्या जन्मसालातून साधारण पंधरा ते वीस वर्षं वजा केली की आईच्या जन्माचा टप्पा मिळतो. मात्र जगलेला पहिला मुलगा हा झालेला पहिला मुलगा असेलच असं नाही, म्हणून टप्पा मागच्या बाजूला थोडा सैल ठेवा.

लोक फसतात ते पुढच्या गोष्टीला. फेरफारात बाईचं नाव नाही म्हणून ती तोवर वारली होती, असा निष्कर्ष काढला जातो. तेव्हाच्या वारसाहक्कात मुलगे असले की विधवेला जमिनीत वाटा येत नसे, तिचा हक्क पोटगीचा. मुलगे सज्ञान असतील तर वारस म्हणून त्यांचीच नावं लागणार आणि आई घरात जिवंत बसलेली असूनही कागदावर नसणार. मुलगा नसेल आणि नवरा भावांपासून विभक्त असेल तर जमीन विधवेच्या नावावर हयातीपुरती येई. अशा नोंदीवर तर जीव टाकावा, कारण ती वारल्यावर जमीन लेकीकडे किंवा लेक नसेल तर नवऱ्याच्या भाऊबंदांकडे जाताना आणखी एक फेरफार होतो आणि त्यात तिच्या मृत्यूची तारीख येते. नवरा एकत्र कुटुंबात असेल तर वाटा दिरांकडे गेला, बाईला चोळीबांगडीपुरता जमिनीचा तुकडा मिळाला. वाटणीपत्रात "चोळीबांगडीसाठी" असे शब्द दिसले की तिथे एक बाई उभी आहे असं समजा आणि तिचं नाव शोधा. पाट लावला की पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा तिचा हक्क संपे. मग मुलांचा पालनकर्ता आईऐवजी चुलता किंवा आजा दिसतो. आई असताना चुलता पालनकर्ता कसा, हा प्रश्न पडला तर ती वारली असेल किंवा पाटानं गेली असेल, दोन्ही शक्यता तपासा. घरातल्या माणसांनी ही गोष्ट दडवली असेल तर तिचा अपमान न करता ती लिहून ठेवा. पाट ही बहुसंख्य जातींत रीतसर मान्य असलेली गोष्ट होती.

माहेरच्या गावातले फेरफारही बघा. बापाला मुलगा नसेल, आई गेलेली असेल, तर जमीन लेकीच्या नावावर आली असणार. तिथे "अमुक कोम तमुक, राहणार फलाणं" अशी नोंद मिळते. एकाच ओळीत बाप, नवरा आणि सासरचं गाव. दोन घराणी जोडणारा याच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही.

जन्ममृत्यूचं बुक

गाव नमुना १४, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात, तेही तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून ही बुकं मोठ्या प्रमाणावर बाहेर काढली, तपासली आणि स्कॅन केली गेली. त्यामुळे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आपल्या गावची पानं आहेत का, हे आधी पाहून घ्या. जन्माच्या नोंदीत बहुधा बाळाचं नाव नसतं. बापाचं नाव, जात आणि "मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच असतं. आईचं नाव सापडलं तर भाग्य समजा. म्हणून खापरपणजीचा जन्म शोधताना तिच्या बापाच्या नावावर जितक्या मुली आहेत त्या सगळ्या तारखांसकट उतरवून घ्या. मृत्यूची नोंद जास्त कामाची असते, कारण नाव, वय आणि मरणाचं कारण त्यात येतं. वयावर फार विसंबू नका. चाळीस, पन्नास, साठ असे गोल आकडेच फार दिसतात, कारण वर्दी देणाऱ्यानं अंदाजानं सांगितलेलं असतं. त्यात पाच-सात वर्षांचा फरक धरून चाला. कोल्हापूर शहरात घर असेल तर नगरपालिकेच्या जन्ममृत्यू नोंदी बघायच्या. पालिका १८५४ ची आहे, पण तुमच्या पेठेचं कुठलं बुक टिकलं आहे ते प्रत्यक्षच विचारावं लागतं.

बुक आहे की नाही याचं उत्तरच मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज द्या. दहा रुपये शुल्क, नकलेला पानामागे दोन रुपये, मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. "आमच्या घराण्याची माहिती द्या" असं लिहू नका. "मौजे अमुक येथील गाव नमुना १४ ची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पुस्तके कोणत्या सालांची आहेत, आणि ती पाहण्यासाठी वेळ मिळावी" असं लिहा. कागद पाहण्याचा पहिला तास विनाशुल्क असतो.

पुरालेखागार आणि मोडी

राज्याच्या पुराभिलेख खात्याचं कोल्हापूर पुरालेखागार करवीर दरबाराचं दप्तर सांभाळतं. ओळखपत्र आणि अर्ज लागतो. अर्जात विषय, गाव आणि सालं नेमकी लिहा. आत पेन्सिल न्या, शाई नको. फोटोची परवानगी आधी घ्या.

इनाम, वतन किंवा दरबारची चाकरी असलेल्या घराण्यांतली बाई इथे हमखास भेटते, विशेषतः दत्तकाच्या कागदांत. वतनदार किंवा इनामदार निपुत्रिक वारला की विधवेनं दत्तक घ्यायचा, त्याला दरबारची मंजुरी घ्यायची आणि नजराणा भरायचा. त्या प्रकरणात विधवेचा अर्ज, नवऱ्याच्या मृत्यूची तिथी, भाऊबंदांच्या हरकती, वंशावळ आणि दत्तक मुलाच्या जनक घराचं नाव असं सगळं येतं. तंटा झाला असेल तर बाईची जबानीही मिळते, तिच्याच शब्दांच्या अगदी जवळची. घराण्यात पाटीलकी, कुलकर्ण किंवा देवस्थानची सेवा असेल तर दत्तक कधी झाला ते आधी शोधा. जुन्या काळातल्या जमाखर्चांत लग्नटका आणि पाटदाम या करांच्या नोंदींतूनही कधीकधी लग्न किंवा पाट लागल्याचं साल हाती येतं.

कागद मोडीत असणार. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणून वाचणाऱ्याला गावाचं नाव, नवरा आणि सासऱ्याचं नाव आणि अपेक्षित बाईचं नाव आधी लिहून द्या. वाचून घेताना देवनागरी लिप्यंतर ओळीला ओळ लावून मागा. नुसता सारांश घेतलात तर "कोम" आणि "बिन" गळून जातात आणि सून लेक होऊन बसते.

सालं बदलताना हा हिशोब ठेवा. शकात ७८ मिळवा, १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथींना ७९. शके १७९९ चा भाद्रपद १८७७ चा, पण माघ १८७८ चा. फसली साल मृगापासून, जूनमध्ये सुरू होतं. डिसेंबरपर्यंत ५९० आणि पुढे ५९१ मिळवा. अरबी सुहूर सालही मृगापासूनच, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. ते शब्दांत लिहिलेलं असतं, एकं आधी, मग दहं, शतक आणि हजार. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सीत ६, सब्बा ७, समान ८, तिसा ९. सितैन म्हणजे ६०, मया १००, मयातैन २००, अलफ १०००. पानिपतचं साल "इहिदे सितैन मया व अलफ", म्हणजे ११६१. लढाई जानेवारीतली म्हणून ६०० मिळवले की १७६१. हे एक उदाहरण पाठ असलं की बाकीचं चुकत नाही.

हेळवी, तीर्थोपाध्ये, मठ आणि मशीद

या भागाचं खास साधन म्हणजे हेळवी. बैल घेऊन सुगीनंतर गावात येणारे, घराण्याची वंशावळ वाचून दाखवणारे. त्यांची गावं ठरलेली असतात. कोणत्या घराण्याचा हेळवी कोण, हे गावातल्या थोरल्या भावकीला माहीत असतं. त्यांच्या वहीचा भर पुरुषांवर असतो, म्हणून नुसतं ऐकून घेऊ नका. प्रत्येक पुरुषाच्या नावापाशी थांबवा आणि विचारा : बायका किती, कोणत्या गावच्या, लेकी कुठे दिल्या? वाचताना ध्वनिमुद्रण करा, पण परवानगी घेऊन. आणि बिदागी हात राखून देऊ नका, ही विद्या त्यांच्या पोटावर चालते.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या उपाध्यायांकडच्या नामावळीत यात्रेला आलेल्याची सही, गाव, बाप-आजांची आणि पुष्कळदा आई-बायकोची नावं असतात. उपाध्याय गावावरून आणि आडनावावरून ठरतो. आडनाव नंतर बदललं असेल तर जुनं आडनाव किंवा गाव सांगा. विधवा बाई स्वतः यात्रेला गेली असेल तर नोंद तिच्याच नावाची मिळते.

लिंगायत घरांनी जंगम आणि मठ, जैन घरांनी आपलं मंदिर आणि मठ, मुसलमान घरांनी काझींची निकाहाची बुकं बघावीत. ख्रिस्ती घरांनी चर्चचं बाप्तिस्मा आणि लग्नाचं रजिस्टर बघावं. कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ पासून आहे. मिशनच्या अशा नोंदींत आईचं नाव लिहायची रीत असल्यानं बाईचा माग लवकर लागतो.

जुळवणी

मिळालेली प्रत्येक गोष्ट तीन रकान्यांत लिहा : कागदात काय लिहिलं आहे ते जसंच्या तसं, त्यावरून तुम्ही काय समजलात, आणि कागद कुठला, कोणत्या पानावरचा. पहिला आणि दुसरा रकाना एक होऊ देऊ नका. नातीला वारलेल्या आजीचं नाव ठेवायची रीत असल्यानं एकाच घरात दोन सखू निघतात. त्या वेगळ्या करायच्या तर नाव सोडा, नवरा आणि सासऱ्याचं नाव बघा. "गं.भा." लावलेली बाई त्या तारखेला विधवा, "सौ." लावलेलीचा नवरा त्या तारखेला हयात. एवढ्यावरूनही दोघी सुटतात. "पाटील", "कुलकर्णी" हे हुद्दे आडनावासारखे वाचले की भलतीच घराणी जोडली जातात, तिथे जात आणि गाव दोन्ही जुळवा. दोन स्वतंत्र कागदांनी सांगितल्याशिवाय नातं पक्कं म्हणू नका. फेरफार आणि त्यावरून काढलेला वारसदाखला हे दोन कागद मोजायचे नाहीत, ते एकच.

सासरकडचं सगळं हाती आलं की माहेरच्या गावाला जा. जाताना तिच्या बापाचं नाव, सासरचं गाव, मुलांची नावं मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून न्या. देवक आणि कुलदैवत विचारून ठेवा, तिथली भावकी आधी तेच विचारते. जत्रेच्या दिवसांत गेलात तर बाहेरगावी गेलेली थोरली माणसंही भेटतात. तिचं माहेरचं नाव त्यांच्याकडून निघालं की वहीतला इतके दिवस मोकळा ठेवलेला रकाना भरा आणि खाली तारीख आणि सांगणाराचं नाव लिहा.